एक कान माझा, एक आजीचा

खरं सांगते, वेस्टर्न क्लासिकलशी माझी ओळख हॉटेलच्या लॉबीपर्यंतच होती. मास कॉमला असताना एका फिल्म ॲप्रिसिएशनच्या लेक्चरला बेथोव्हेन ऐकला, तोही अर्धवट झोपेत. पोलंडचा संगीतकार म्हणाल तर शोपाँ, एवढं एकच नाव. अशा मुलीने एका पोलिश माणसाची ५०-५५ मिनिटांची सिंफनी महिनाभर रोज ऐकावी, तेही ८८ वर्षांच्या आजीसोबत, याचं सगळं श्रेय एका डेडलाइनला.

ऑगस्ट २०२४. पंतप्रधान वॉर्साला गेले, तिथल्या कोल्हापूर स्मारकावर त्यांनी पुष्पचक्र वाहिलं, आणि अचानक सगळ्या चॅनेल्सवर 'पोलंडमध्ये कोल्हापूर' सुरू झालं. एडिटरचा फोन आला, ''तू कोल्हापूरची ना? वळिवड्याच्या कॅम्पवर आठशे शब्द दे. शुक्रवारपर्यंत.''

मी तेव्हा कोल्हापुरातच होते. जानेवारीत बाबा गेले. फ्रीलान्सरला काय, लॅपटॉप उघडला की ऑफिस! पुण्यातली रूम सोडून मंगळवार पेठेतल्या घरी आले. सगळ्यांना सांगायचे, ''आजीला सोबत म्हणून आलेय.'' प्रत्यक्षात आम्ही दोघी एकाच घरात एकमेकींना चुकवत होतो. माझे बाबा म्हणजे तिचा मुलगा. ती माझ्यासमोर रडली नाही, मी तिच्यासमोर रडले नाही. दूध आलं का, गॅस बंद केलास का, लाइटबिल भरलं का, यापलीकडे आमचं बोलणं जायचंच नाही. बाबांचा विषय निघतोय असं वाटलं की दोघींपैकी एकीला हमखास काहीतरी काम आठवायचं.

असो. तर वळिवडे.

तुम्ही कोल्हापूरचे असाल तर गांधीनगरला गेलाच असाल. होलसेल कपड्यांची बाजारपेठ. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचा बस्ता आम्ही तिथेच बांधला होता. आपण जिथे साड्यांवरून घासाघीस करतो, तिथे १९४३ ते १९४८ या काळात एक छोटं पोलंड वसलं होतं, हे मला त्या वेळी माहीतसुद्धा नव्हतं. १९४० मध्ये सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना उचलून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेलं. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केला, राजकारण फिरलं आणि या लोकांना सुटका मिळाली. पुरुष नव्याने उभारलेल्या पोलिश सैन्यात गेले. बायका-मुलं इराणमार्गे कराचीला आणि तिथून पुढे. त्यातले सुमारे पाच हजार जण पंचगंगेच्या काठी, वळिवड्यात आले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, हॉस्पिटल होतं. १९४८ मध्ये ते गेले आणि त्याच बराकींमध्ये फाळणीत घर गमावलेले सिंधी लोक आले. तेच आजचं गांधीनगर. एका निर्वासिताची खोली दुसऱ्या निर्वासिताला.

हे सगळं रात्री टाइप करत होते. मूड यावा म्हणून यूट्यूबवर 'पोलिश म्युझिक' असं काहीतरी शोधलं. तिथे हेन्रिक गुरेत्स्की भेटला. सिंफनी नंबर तीन, 'शोकगीतांची सिंफनी'. म्हटलं, बॅकग्राउंडला राहू दे.

सुरुवातीला वाटलं इअरफोन खराब झालाय, कारण काही ऐकूच येईना. मग लक्षात आलं, अगदी तळाशी डबल बेस वाजतायत. एक साधीशी चाल, संथ. ती संपायच्या आत दुसऱ्या वाद्यांनी तीच चाल वरच्या पट्टीत उचलली. मग तिसऱ्या. थरावर थर. आपल्याकडे विलंबित ख्यालात गवई एकाच सुरावर बसून राहतो आणि आपण मनात 'आता पुढे जा की' म्हणतो, तसं पहिली दहा मिनिटं झालं. नंतर मी टाइप करायची थांबले होते. साधारण मध्यावर एक बाई गायला लागते. तिचं गाणं झालं की तेच थर एकेक करून उतरत जातात आणि शेवटी पुन्हा तळाशी येऊन थांबतात. नुसता हा पहिला भाग पंचवीस मिनिटांच्या वर जातो.

आठशे शब्द बाजूला राहिले. मी या माणसाच्या मागे लागले.

गुरेत्स्कीचा जन्म ६ डिसेंबर १९३३ चा, चेर्नित्सा नावाच्या गावातला. भाग सायलेशियाचा, म्हणजे कोळशाच्या खाणींचा. वडील रेल्वेत, आई पियानो वाजवायची. तो बरोबर दोन वर्षांचा झाला त्या दिवशी, त्याच्या वाढदिवशी, आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं. घरात आईचा जुना पियानो होता, पण त्याला हात लावायची या मुलाला परवानगी नव्हती. त्यात लहानपणी खेळताना पडला, कमरेचा सांधा निखळला, उपचार धड झाले नाहीत आणि पुढे ऑपरेशनांमागून ऑपरेशनं. दुखणं आयुष्यभर सोबतीला राहिलं. तरी पठ्ठ्याने व्हायोलिन शिकून घेतलं, दोन वर्षं प्राथमिक शाळेत मास्तरकी केली आणि मग कातोवित्सेच्या संगीत अकादमीत दाखल झाला.

आणि सुरुवातीला तो असं संथ काही लिहितच नव्हता! १९६० मध्ये वॉर्साच्या फेस्टिव्हलमध्ये त्याची 'स्कॉन्त्री' वाजली, ती इतकी कर्कश आणि आक्रमक की खळबळ उडाली. नवं, बंडखोर संगीत लिहिणाऱ्यांत त्याचं नाव झालं. मग हळूहळू त्याने एकेक सूर कमी करायला सुरुवात केली. जुनी चर्चगीतं, खेड्यातली लोकगीतं यांच्याकडे वळला. १९७६ मध्ये ही तिसरी सिंफनी लिहिली. १९७७ मध्ये फ्रान्समधल्या र्‍वायाँच्या महोत्सवात ती पहिल्यांदा वाजली, तेव्हा समीक्षकांनी नाकं मुरडली. एवढा मॉडर्न माणूस आणि हे काय सोपं-सोपं लिहून बसला?

पंधरा वर्षं ती फारशी कुणाच्या खिजगणतीत नव्हती. १९९२ मध्ये डेव्हिड झिनमन कंडक्टर, डॉन अपशॉ गायिका अशी एक सीडी निघाली. ती दहा लाखांच्या वर खपली. ब्रिटनमध्ये तर पॉप अल्बम्सच्या यादीत सहाव्या नंबरपर्यंत गेली. साठीला टेकलेला माणूस एकदम स्टार झाला. आपण असतो तर पुढच्याच वर्षी 'शोकगीतं पार्ट टू' काढलं असतं. हा मात्र आणखीच गप्प झाला. १९९५ मध्ये पूर्ण केलेली तंतुवाद्यांची एक रचना त्याने दहा वर्षं घरातच ठेवून दिली. २०१० मध्ये तो गेला. आमच्या धंद्यात एक स्टोरी व्हायरल झाली की त्याच्या पाच आवृत्त्या मागतात, म्हणून मला हे फारच आवडलं.

पण या सिंफनीत गातायत कोण? तीन भाग, तीन बायका, आणि तिन्हीकडे आई-लेकरू. पहिल्यात पंधराव्या शतकातली प्रार्थना आहे, क्रूसावरच्या मुलाशी बोलणारी मेरी. तिसऱ्यात एक लोकगीत, लढाईत हरवलेला मुलगा शोधणारी म्हातारी आई. आणि मधल्या भागात एका कोठडीच्या भिंतीवरचा मजकूर. झाकोपाने नावाच्या गावात गेस्टापोचं ठाणं होतं. तिथल्या भिंतीवर हेलेना वांडा ब्वाझुशाक नावाच्या अठरा वर्षांच्या मुलीने कोरलेले चार शब्द. इतर कैद्यांनी निर्दोष असल्याचं लिहिलंय, सूड मागितलाय. ही मुलगी आपल्या आईची समजूत काढते. गुरेत्स्कीला नेमकं तेच भिडलं.

खाली तारीख होती. सप्टेंबर १९४४.

मी कॅलेंडर डोक्यात जुळवत बसले.  त्याच महिन्यात, त्याच वयाच्या पोलिश मुली वळिवड्याच्या शाळेत बसल्या होत्या. गुरेत्स्की कधी इकडे आला नाही, पण कॅम्पातली कितीतरी पोरं त्याच्याच वयाची. कोण कोठडीत गेली आणि कोण पंचगंगेकाठी पोचली, हे कुणी ठरवलं? कुणीच नाही. कुठलं गाव कुणाच्या वाट्याला गेलं, एवढंच.

''काय ऐकत बसतीस गं रात्रीची?''

आजी दारात उभी होती. साडेबारा वाजले होते. मी दचकून म्हटलं, ''काही नाही गं, काम. पोलंडचं गाणं आहे.''

''पोलंड? म्हंजे कॅम्पातल्या माणसांचं?''

आजीचं माहेर वळिवडे, हे मला माहीत होतं. १९४८ मधून १९३६ वजा करायचं मात्र मला इतके दिवस सुचलं नव्हतं. फीचर लिहिणारी मी, इंटरनेट पालथं घालत होते आणि साक्षीदार शेजारच्या खोलीत झोपत होती!

ती कॉटवर येऊन बसली. ''आमचा आबा कॅम्पात दूध घालायचा. मी जायची संगट. समद्या बायकाच. बाप्या मानूस दिसायचंच न्हाई फारसं. म्या आबाला इचारलं, ह्यांचं मालक कुठं गेलं? आबा म्हनला, लढाईला. म्हटलं, येनार कधी? तर म्हनला, तू दूध सांडू नगंस.''

मी एक इअरबड काढून तिच्या कानात घातला. दुसरा माझ्या. तिसरा भाग लावला. वाद्यं दोनच सुरांवर झोके घेत राहतात, झोळीसारखी. आजी डोळे मिटून ऐकत होती.

''ओवीगत वाटतंय,'' ती म्हणाली. ''काय म्हनतीया ही बाई?''

मी सांगितलं. मुलगा लढाईत गेलाय. तो कुठे पडलाय तेसुद्धा तिला माहीत नाही. शोधतेय.

''घावला का तिला?''

''नाही.''

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. कानात ती बाई गातच होती. मग आजी म्हणाली, ''माझा कुठं हाय ते मला ठाव तरी हाय. पंचगंगेत सोडलाय त्येला.''

बाबा गेल्यापासून घरात त्यांचं असं उघड नाव निघालं ते त्या रात्री. मी रडले. ती रडली की नाही ते सांगता येत नाही, कारण तिने माझं डोकं मांडीवर ओढून घेतलं होतं आणि मला दिसत होती फक्त तिच्या लुगड्याची किनार. इअरबड केव्हातरी पडला. तो सकाळी कॉटखाली सापडला.

आठशे शब्द शुक्रवारी नाही, सोमवारी गेले. एडिटरची बोलणी खाल्ली. त्या रविवारी आजीला स्कूटीवर मागे बसवून महावीर गार्डनला नेलं, तिथे पोलिश निर्वासितांचं स्मारक आहे. तिने ते नीट बघितलं, पदराने कडेची धूळ पुसली आणि म्हणाली, ''चल, ऊन झालं.'' परतताना बाबा पाचवीत असताना याच बागेच्या नावाखाली शाळा कशी बुडवायचे, ते तिने मला पहिल्यांदा सांगितलं. सिग्नलवर दोघी हसत होतो.

तुमच्याकडेही इअरफोन असतीलच. एरवी आपण ते आजूबाजूचं काही ऐकू येऊ नये म्हणून घालतो. एखाद्या रात्री गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी लावून बघा. पहिली दहा मिनिटं बोअर होईल, फॉरवर्ड करू नका. आणि घरात कुणी जागं असेल, तर एक इअरफोन त्यांना द्या.

मी आता पुन्हा पुण्यात असते. रविवारी व्हिडिओ कॉल होतो. दूध, गॅस, लाइटबिल हे विषय अजून आहेतच. ते संपले की आजी म्हणते, ''ती पोरगा हुडकनारी बाई लाव की जरा.'' मी लॅपटॉपवर लावते आणि फोन स्पीकरजवळ धरते.