लिंबाखालची जागा

परवा रविवारी सकाळी आमच्या मारुतीच्या पारावर नगराची बैठक झाली. विषय एकच, कोपऱ्यावरच्या दवाखान्याला वाहनं लावायला आमची मोकळी जागा द्यायची की नाही. एवढी माणसं मी त्या पारावर एरवी फक्त हनुमान जयंतीला बघते, तीही प्रसादाच्या वेळी!

हिंगोलीबाहेरच्या मंडळींना थोडं सांगायला हवं. १ मे १९९९ ला परभणीपासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला. त्याआधी ह्यांनी इथे प्लॉट घेतला तेव्हा ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या होत्या, बाकी काही नाही. नकाशात मधोमध एक चौकोन सोडला होता, तीच ही जागा. एक लिंब, एक मारुती आणि पोरांचं क्रिकेट. अशी जागा सोडावीच लागते. २०२० च्या राज्याच्या बांधकाम नियमावलीतही ४००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवायला सांगितली आहे, तिथे राहणाऱ्या सगळ्यांसाठी.

जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, मागोमाग दवाखाने आले. पूर्वी जरा गंभीर दुखणं झालं की नांदेड गाठायचं, नाहीतर परभणी. २०२४ मध्ये तर हिंगोलीत १०० जागांचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. असो. तर सेनगावकडून, औंढ्याकडून पेशंट येतो तो एकटा कधीच येत नाही. एका जीपमध्ये पेशंट धरून आठ माणसं. ती जीप आमच्या गल्लीत लागते, तिच्यामागे ऑटो, त्याच्यामागे मोटारसायकली. मग आमच्या गेटातून सायकलसुद्धा निघत नाही.

दवाखान्याचे डॉक्टर माझे विद्यार्थी. पाचवीला माझ्या वर्गात होते. त्यांचं म्हणणं असं, की स्वखर्चाने गट्टू बसवतो, भिंत घालतो, वॉचमन ठेवतो, मारुती आणि लिंब जागच्या जागी राहतील. शेजारचे काका उठले आणि म्हणाले, "तुमच्या बिल्डिंगच्या नकाशात खाली पार्किंग दाखवलंय. तिथे मेडिकल आणि लॅब कशी आली?" डॉक्टर काही बोलले नाहीत. मला मात्र त्यांचा पाचवीतला चेहरा दिसला, गृहपाठ न आणलेल्या दिवसाचा.

तरुण मंडळी जागा द्यायच्या बाजूने होती. गल्ली तरी मोकळी होईल, म्हणत होती. मग कुणीतरी म्हणालं, "बाईंना विचारा."

काय सांगणार? २०११ च्या पावसाळ्यात रात्री ह्यांच्या छातीत कळ आली. शेजाऱ्यांनी जीप काढली, पण गल्लीत दोन्ही बाजूंनी दवाखान्याची वाहनं उभी. हॉर्न वाजवून कुणी येईना. शेवटी पोरांनी बाज उचलली आणि ह्यांना त्या मोकळ्या जागेतून, चिखल तुडवत, दवाखान्याच्या मागच्या दारापर्यंत नेलं. मी मागे छत्री धरून. ती छत्री मी कुणावर धरली होती ते आजही आठवत नाही. त्यानंतर हे पाच वर्षं जगले. दोन्ही नातवंडांची बारशी बघितली.

हे मी बैठकीत सांगितलं. सांगून बसले, तर तरुण मंडळी म्हणाली, "बघा, पार्किंग नसल्यामुळे गल्ली अडली होती!" आणि काका म्हणाले, "बघा, जागा मोकळी होती म्हणून वाट मिळाली!" दोघांचंही खरंच आहे की हो. मी ही गोष्ट इतकी वर्षं उराशी धरून होते, पण ती कुणाच्या बाजूची आहे हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मुंबईचा भाचा फोनवर सांगत होता, बांद्र्याला पटवर्धन उद्यानाखाली भूमिगत वाहनतळ करायचं निघालं तेव्हा तिथल्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. आमच्याकडे जमिनीखालचं काही नाही, जे काय ते लिंबाखालचं. आणि लिंबाखाली दुपारी कोण असतं, ते बैठकीत कुणीच काढलं नाही. पेशंटची माणसं असतात. भाकरी सोडतात, लेकरं निजवतात, आत काय चाललंय याची वाट बघतात. गाडगेबाबांनी मुंबईत जे.जे. रुग्णालयापाशी धर्मशाळा बांधली ती अशाच माणसांसाठी. आम्ही मात्र दोन तास गाड्यांविषयी बोललो. त्या गाड्यांतून उतरणारी माणसं पंधरा पावलांवर बसून आमचं भांडण ऐकत होती.

निर्णय झाला नाही. पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं ठरलं. जागा देऊ नये या अर्जावर मी सही केली, पण खाली माझ्या हाताने दोन ओळी वाढवल्या. भिंत आणि कुलूप कुणीच घालू नये, आणि लिंबाजवळ एक नळ व पत्र्याची शेड डॉक्टरांनी करावी. काकांना ते आवडलं नाही. अर्ज बिघडवला म्हणाले.

संध्याकाळी डॉक्टर घरी आले. चहा घेतला. अर्ज वाचून म्हणाले, "बाई, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "आधी खालचं मेडिकल हलव, मग बोलू." पंचावन्न वर्षांच्या माणसाला अरेतुरे केलं, पण त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि गेले.

हे लिहीत होते तेवढ्यात गेट वाजलं. कळमनुरीकडची एक बाई रिकामी कळशी घेऊन उभी होती. सून आत आहे म्हणाली, पहिलटकरीण. नळ यायला अजून वेळ होता, म्हणून हौदातलं पाणी भरून दिलं.