पुरणाची डाळ आणि खाशाबांचे पदक

कराडच्या बाजारपेठेत तीन पिढ्यांपासून धान्य-कडधान्याची पेढी चालविणाऱ्या एका घरातील ही हकीकत आहे. मे महिन्याचे, लग्नसराईचे दिवस होते. मुलगा वसुलीला गेलेला, मुनीमजी गोदामात. गादीवर दादाजी आणि त्यांच्या शेजारी सहावीतून सातवीत गेलेला नातू. जवळच्या खेड्यातील एका जुन्या गिऱ्हाइकाने मुलीच्या लग्नाच्या सामानाची चिठ्ठी पाठविली. दादाजींचा चष्मा दुरुस्तीला गेला होता. नातवाने चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली, हमालांनी माल काढला, टेम्पो रवाना झाला. संध्याकाळी फोन आला. चिठ्ठीत 'हरभरा डाळ 50 किलो' असे लिहिलेले होते आणि पोहोचला होता 50 किलो अख्खा हरभरा. दुसऱ्या दिवशी पहाटे पुरण शिजवायचे होते.

डाळ रात्रीच रवाना झाली. गिऱ्हाईक भले होते, त्यांनी हसून विषय संपविला. पेढीचे नुकसान म्हणाल तर टेम्पोच्या दुसऱ्या फेरीचे भाडे, एवढेच. परंतु दादाजींना त्या रात्री झोप आली नाही. चष्मा हाती आल्यावर त्यांनी ती चिठ्ठी पुन्हा पाहिली. अक्षर सुवाच्य होते. 'डाळ' हा शब्द ठळक होता. मुलाने तो वाचलाच नव्हता.

सकाळी त्यांनी नातवाच्या हाती वर्तमानपत्र दिले आणि कोणताही परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगितले. 'व्यवहार' या शब्दाचा 'व्यापार' झाला, 'परवाना'चा 'परवा' झाला. पहिले अक्षर पाहायचे, पुढचा शब्द अंदाजाने ठोकून द्यायचा आणि आवाज मात्र खाली येऊ द्यायचा नाही, अशी त्याची रीत होती. शाळेत मराठीला त्याचे गुण चांगले पडत. कारण धडे पाठ असत. पाठशाळेत सूत्रे तोंडपाठ म्हणून दाखविण्यात तो पहिला. तेथेही पुस्तक समोर केवळ नावाला असे. घरात मारवाडी, शाळेत इंग्रजी, दुकानात मराठी अशा तीन भाषांत वाढणाऱ्या या मुलाचा कान विलक्षण तयार झाला होता आणि त्या कानाच्या जोरावर त्याने डोळ्यांचे काम टाळले होते. पाच-सहा वर्षे कोणाच्या ध्यानातही आले नाही. आपल्या घरांतून मुलाचे पाठांतर ऐकून आपण कौतुकाने मान डोलावतो. पान मध्येच उघडून 'येथून वाच' असे किती जण म्हणतात?

मुलाच्या वडिलांनी शिकवणी लावण्याचे ठरविले. दादाजी म्हणाले, महिनाभर थांबा.

त्यांनी प्रारंभ केला तो बोधकथांच्या पुस्तकाने, आणि तो साफ फसला. त्या पुस्तकात प्रत्येक कथेच्या शेवटी जाड ठशात तात्पर्य छापलेले होते. मुलगा ते आधी वाचायचा आणि पुस्तक मिटायचा. त्याचे काय चुकले? जे अखेरीस सांगायचे ते सांगून झाल्यावर वाचायला उरतेच काय? मोठ्यांनाही अशा पुस्तकांचा कंटाळा येतो. फक्त ते तसे बोलून दाखवीत नाहीत.

मार्ग सापडला तो अनपेक्षितपणे, गोदामाच्या दारात. पेढीवर गोळेश्वरहून सायकलने येणारे एक वृद्ध हमाल आहेत. गोळेश्वर हे गाव कराडला लागूनच, ऑलिम्पिकपटू खाशाबा जाधवांचे जन्मगाव. दुपारी डबा खाताना ते कुस्तीच्या गोष्टी सांगत असताना मुलगा मध्येच म्हणाला, "मामा, खाशाबांना रौप्यपदक मिळालं होतं. मी मोबाईलवर पाहिलंय."

"न्हाई छोटे शेठ, ब्राँझ व्हतं ते. आमच्या गावात बारकं पोरगंबी सांगंल."

वाद वाढला. दादाजींनी निवाडा दिला नाही. त्यांनी कपाटातून जुन्या रविवार पुरवणीचे जपून ठेवलेले एक पान काढून नातवाच्या पुढ्यात टाकले. "कागद बघ. कागद सांगेल ते खरं."

मुलगा प्रथमच स्वतःच्या गरजेपोटी वाचायला बसला. तो हरला, हे सांगायला नको. 1952 साली हेलसिंकी येथे बँटमवेट गटात खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताला वैयक्तिक स्पर्धेत मिळालेले ते पहिले ऑलिम्पिक पदक. परंतु हरण्याच्या आधी त्याला ते पान अर्ध्यावर वाचावे लागले होते, आणि त्या अर्ध्या पानात दादाजींना जे हवे होते ते गवसले.

खाशाबांनी ज्यांच्याशी झुंज दिली त्या मल्लांची नावे तेथे होती. कॅनडाचा पोलिक्विन, मेक्सिकोचा बासुर्तो, जर्मनीचा श्मिट्झ यांना त्यांनी हरविले. सोव्हिएत संघाचा राशिद मम्मदबेयोव्ह आणि जपानचा इशी यांच्याकडून ते हरले. 'मम्मदबेयोव्ह' या नावाशी मुलाची गाडी अडली. येथे अंदाज चालेना. पहिले अक्षर पाहून पुढचे ठोकून द्यावे, असा शब्दच त्याच्या कानावर कधी पडलेला नव्हता. एकेक अक्षर, एकेक काना-मात्रा, अर्धा म, मग पूर्ण म, असे करीत चौथ्या प्रयत्नाला ते नाव त्याच्या तोंडून निघाले, तेव्हा मामांनी टाळी दिली. ज्याला अंदाजाने वाचण्याची सवय जडली आहे त्याला परकी विशेषनामे वाचायला लावण्यासारखा उपाय नाही. खेळाडूंच्या चरित्रात ती पानोपानी भेटतात आणि वाचणाऱ्याला ती वगळताही येत नाहीत. कोण कोणाशी लढला हे कळल्यावाचून पुढे जाताच येत नाही.

त्या दिवसापासून क्रम ठरला. सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर दुकान वाढवून वडील घरी येईपर्यंतचा अर्धा-पाऊण तास वाचनाचा. एक परिच्छेद दादाजींनी वाचायचा, दुसरा नातवाने. दादाजी वाचताना मुलाने ओळीखालून बोट फिरवायचे. मुलगा चुकला तर लगेच टोकायचे नाही, वाक्य पुरे होऊ द्यायचे आणि मग एवढेच विचारायचे, "अर्थ लागला का?" बहुतेक वेळा अर्थ लागत नसे आणि मुलगा आपण होऊन मागे जाई. असे मागे जाणे हीच वाचनातली मोठी शिकवण, असे दादाजींचे मत झाले. रोजमेळ जुळला नाही तर मुनीमजी नवे पान उघडीत नाहीत, आधी चूक शोधतात, तसेच हे.

येथे एका प्रयोगाचा उल्लेख करावासा वाटतो. अमेरिकेतील डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या संशोधिकांनी 1988 मध्ये सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले आणि वाचलेले एका छोट्या प्रतिकृती-मैदानावर मांडून दाखवायला सांगितले. वाचनात कच्ची परंतु खेळाची जाण असलेली मुले, वाचनात पक्की परंतु खेळाची जाण नसलेल्या मुलांपेक्षा सरस ठरली. ज्या विषयाची ओळख आहे त्या विषयावरचा मजकूर कच्च्या वाचकालाही उलगडतो, हा त्याचा अर्थ. आपला मुलगा वाचत नाही असे म्हणणाऱ्या पालकाने मुलाला काय ठाऊक आहे, हे प्रथम पाहावे. या मुलाने मामांच्या खांद्यावर बसून जत्रेतले फड पाहिले होते. लंडनच्या 1948 च्या ऑलिम्पिकमध्ये मातीऐवजी गादीवर लढावे लागूनही खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले, या वाक्यातली अडचण त्याला कोणी समजावून सांगावी लागली नाही. उलट पाय कोठे घसरतो आणि पकड का बदलते, हे त्यानेच दादाजींना उठून करून दाखविले. अर्थात प्रत्येक अडखळणाऱ्या मुलाचे दुखणे केवळ सवयीचे असते असे नव्हे. काहींना अक्षरे ओळखण्याचीच खरी अडचण असते आणि तेथे तज्ज्ञांकडे जाण्यात कमीपणा मानू नये.

पुढच्या पानावर मात्र सबंध घर गुंतले. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. गावोगाव वर्गणी मागूनही ते पुरेना. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून 7000 रुपये उभे केले. व्यापाऱ्याच्या मुलाला गहाण म्हणजे काय हे विचारावे लागत नाही. त्याने बोट तेथेच थांबविले.

"दादाजी, घर सुटलं का?"

"वाच पुढे."

मुलगा वाचू लागला. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. मुलाने मोठा श्वास सोडला. पाठोपाठ दुसरा प्रश्न आला, "व्याज किती लागलं?"

दादाजींनी पान पुढे केले. मुलाने ते वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिले. व्याजाचा आकडा कोठेच नव्हता. तो म्हणाला, "नऊ टक्के धरू या."

"धरायचं नाही. जे लिहिलेलं नाही ते आपण लिहिलंय असं म्हणायचं नाही. चिठ्ठीतलं लिहिलेलं टाकलंस. इथे नसलेलं घालू नकोस."

हरभरा डाळीचा विषय त्या दोघांत प्रथमच निघाला तो असा. मुलगा क्षणभर गप्प राहिला, मग मान डोलावून पुढचा परिच्छेद वाचू लागला.

यानंतर दादाजींनी वाचनालयातून त्याच विषयावरचे आणखी एक पुस्तक आणले, ते मुद्दाम. एका ठिकाणी खाशाबांच्या मिरवणुकीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या असे लिहिलेले. दुसऱ्या ठिकाणी आकडा 151. "यातलं खोटं कोणतं?" मुलाने विचारले. दादाजींनी तोच प्रश्न त्याला परत केला. दोन दिवसांनी दुकानात पोती मोजताना मुलगा एकदम म्हणाला, "दोन्ही खरे असू शकतात. 151 म्हणजे शंभराहून अधिकच की!" तो या वाक्याचा विचार करीत दोन दिवस हिंडत होता. ज्याने आजवर वाक्य संपताच ते विसरण्याचा परिपाठ ठेवला होता, त्या मुलाने दोन मजकूर एकमेकांशी ताडून पाहिले होते.

खेळाडूंच्या सत्यकथांचे बळ नेमके येथे आहे. धावण्याला सेकंद असतात, सामन्याला गुणफलक असतो, स्पर्धेला साल असते. म्हणून ताळा करून पाहता येतो. आणि ताळा करू लागले की न जुळणाऱ्या गोष्टीही उघड्या पडतात. ध्यानचंदांना हिटलरने जर्मन सैन्यात मोठा हुद्दा देऊ केला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे आणि आवडीने पुढे सांगितली आहे. 15 ऑगस्ट 1936 रोजी बर्लिनच्या अंतिम सामन्यात भारताने जर्मनीवर 8-1 असा विजय मिळविला, याची नोंद आहे. त्या देकाराची तशी विश्वसनीय नोंद मिळत नाही. दादाजींनी हे सांगितल्यावर मुलगा हिरमुसला. ती गोष्ट त्याची आवडती होती. परंतु 8-1 हा आकडा पुरेसा नाही का?

घरातील धाकटी नात या बैठकीत आपणहून सामील झाली. तिला वाचता उत्तम येत असे, म्हणूनच तिच्याकडे कोणाचे लक्ष नव्हते. "सगळे पहिलवानच का?" असे तिने विचारल्यावर विल्मा रुडॉल्फचे चरित्र आले. 1940 साली अमेरिकेतील टेनेसी राज्यात जन्मलेली, 22 भावंडांपैकी विसावी. बालपणी पोलिओने डावा पाय अधू झाला, पायाला लोखंडी आधार लागला. घरची माणसे आळीपाळीने तिचा पाय चोळीत. 1960 च्या रोम ऑलिम्पिकमध्ये तिने 100 मीटर, 200 मीटर आणि रिले अशी तीन सुवर्णपदके मिळविली. आळीपाळीने पाय चोळण्याचे ते वाक्य वाचून होताच, कोपऱ्यात माळ घेऊन बसलेल्या दादीजींनी ते पुन्हा वाचायला सांगितले. त्यांच्या धाकट्या दिराला लहानपणी पोलिओ झाला होता. त्या घरात सून म्हणून आल्या तेव्हा त्यांचेही हात त्या कामाला लागले होते. मुलांना हे ठाऊकच नव्हते. त्या रात्री पुस्तक बाजूला राहिले आणि दादीजी बोलत राहिल्या.

मुरलीकांत पेटकर तर शेजारच्या इस्लामपूरचे. सैन्यातील मुष्टियोद्धा, 1965 च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेले. 1972 मध्ये हायडेलबर्ग येथील पॅरालिम्पिकमध्ये 50 मीटर फ्रीस्टाईल पोहण्यात 37.33 सेकंदांत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. घड्याळ लावून 37 सेकंदांत एक परिच्छेद संपविण्याचा खेळ मुलाने स्वतः काढला. तो दादाजींनी दोन दिवसांत बंद पाडला. कारण घाईत अंदाज पुन्हा डोके वर काढू लागला होता.

जून उजाडला, शाळा सुरू झाली. वडिलांनी शिकवणीचा विषय पुन्हा काढला नाही. अजूनही वाचताना मुलगा अडखळतो. त्याचा वेग पूर्वीपेक्षा कमीच झाला आहे आणि शाळेतल्या मोठ्याने वाचण्याच्या परीक्षेत त्याचे दोन गुण गेले. पूर्वी तो धडा पाठ करून जात असे, या वेळी तो वाचून आला होता. आईला वाईट वाटले. दादाजींना नाही.

श्रावणात पुन्हा चिठ्ठी आली, त्याच गावाहून, सत्यनारायणाच्या सामानाची. रविवार असल्याने मुलगा गादीवर होता. त्याने एकेक ओळ बोट ठेवून वाचली: रवा, साखर, हरभरा डाळ. पाचव्या ओळीशी तो थांबला. गिऱ्हाइकाने पेन टेकवून लिहिलेल्या त्या शब्दावर पाण्याचा थेंब पडून शाई पसरली होती. गोदामातून मामांनी विचारले, "काय काढू, छोटे शेठ?"

"थांबा मामा," तो म्हणाला, "हा शब्द मला लागत नाही." आणि त्याने फोन उचलला.