भिडू जुळवताना

३ जून
नवशिक्यांच्या यादीत आज तीन जणांची भर पडली. नाशिकच्या निवृत्त शिक्षिका, पुण्याचे बँकेतून निवृत्त झालेले काका आणि लंडनला नोकरी करणारा एक मराठी तरुण. तिघांनाही ऑनलाइन ब्रिजसाठी भिडू हवा आहे.

ब्रिज बेस ऑनलाइनवर प्रत्येक जण आपली पातळी आपणच लिहितो: नवशिका, मध्यम, प्रगत, तज्ज्ञ. ती तपासणारं कुणी नसतं. संकोची माणूस स्वतःला कमी लेखतो, उत्साही माणूस जास्त. म्हणून पातळी बाजूला ठेवून मी प्रत्येकाला तीनच प्रश्न विचारते. एक नो-ट्रम्प किती पॉइंटवर बोलता? एक बदाम बोलायला हातात किती बदाम लागतात? भिडूच्या एक नो-ट्रम्पवर दोन किल्वर म्हटलं, तर तुम्ही काय विचारत असता? कोण कुठे, कुणाकडून आणि किती शिकलंय, हे या तीन उत्तरांत कळतं.

७ जून
माझी जुळवाजुळव व्हायच्या आधीच नाशिकच्या बाई आणि लंडनचा मुलगा आपणहून एका टेबलावर बसले. मी बाजूला बसून बघत होते. मुलाने एक नो-ट्रम्प म्हटलं. बाईंच्या हातात दहा पॉइंट होते. त्यांनी सरळ तीन नो-ट्रम्प केलं आणि कॉन्ट्रॅक्ट दोन हातांनी बुडालं.

दोघांचीही बोली आपापल्या जागी बरोबर होती. बाई अमेरिकन पद्धत शिकल्या आहेत. त्यात एक नो-ट्रम्प म्हणजे १५ ते १७ पॉइंट. त्यांचे दहा धरले तर किमान पंचवीस होतात आणि तीन नो-ट्रम्पला साधारण तेवढेच लागतात. मुलगा इंग्लंडमध्ये ॲकॉल शिकला. तिथे बरेच जण ही बोली १२ ते १४ पॉइंटवर करतात. त्याच्याकडे बारा होते. म्हणजे पत्त्यांतल्या एकूण ४० पॉइंटांपैकी दोघांचे मिळून बावीसच.

बदामावर बोली गेली असती तरी हाच घोळ झाला असता. ॲकॉलमध्ये चार पत्त्यांवरही एक बदाम म्हणता येतं, अमेरिकन पद्धतीत पाच लागतात. आपले तीन आणि भिडूचे पाच मिळून आठ हुकूम आहेत, असं बाई समजल्या असत्या आणि प्रत्यक्षात सातच निघाले असते.

रात्री बाईंचा निरोप आला, "ताई, मला हे जमायचं नाही." त्यांना फोन करून पूर्ण डाव समजावला. चूक त्यांची नव्हती, हे त्यांना आजच कळायला हवं होतं. न झालेल्या चुकीचं ओझं घेऊन माणसं हा खेळ सोडून देतात, याचं मला फार वाईट वाटतं.

१० जून
एका मुरलेल्या खेळाडूने पुण्याच्या काकांबरोबर बसायची तयारी दाखवली. त्यांचा हेतू चांगलाच होता. पण प्रत्येक डाव चालू असतानाच त्यांची सूचना यायची. इस्पिकचा राजा का ठेवलात, हुकूम आधी का नाही काढलेत. काका आधी उत्तर देत होते, मग गप्प झाले, मग निघून गेले.

नवख्याला भिडू हवा तो त्याच्यापेक्षा एक पायरी वरचा, दहा पायऱ्या वरचा नको. मुरलेल्या माणसाची खरी गरज डाव संपल्यावर लागते. तेव्हा चारही हात उघडे असतात. तेच पत्ते इतर टेबलांवर कसे खेळले गेले तेही दिसतं आणि बोलायला निवांतपणा असतो.

१५ जून
काकांना काही दिवस यंत्रभिडूबरोबर खेळायला सांगितलंय. यंत्राच्या बोलीवर बाण नेला की तिचा अर्थ समोर येतो. ते चिडत नाही, कंटाळत नाही. बोलीचा सराव त्याच्याबरोबर उत्तम होतो. पण आपण दोघं अमुक बोली अशी वापरूया, असा करार त्याच्याशी करता येत नाही. तो माणसाशीच होतो.

आणि तो खेळाआधीच व्हावा लागतो. ऑनलाइन खेळात आपण आपल्या बोलीचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांना लिहून सांगतो, भिडूला तो दिसत नाही. नियम योग्यच आहे. भिडूला कळायला हवं ते बोलीतूनच.

१९ जून
आज एका नवशिक्याने विचारलं, "इतकं भिडू-भिडू कशाला? रोज नवा मिळाला तर काय बिघडलं?" मी त्याला २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेबद्दल सांगितलं. तिथे ब्रिज पहिल्यांदाच आलं आणि पुरुषांच्या जोडी प्रकारात भारताला सुवर्णपदक मिळालं. प्रणव बर्धन तेव्हा साठ वर्षांचे होते, शिवनाथ सरकार छप्पन्न वर्षांचे. ही जोडी अनेक वर्षं एकत्र खेळलेली होती. त्या स्पर्धेत ब्रिजमध्ये एकट्याचं पदक नव्हतंच.

२२ जून
नाशिकच्या बाई आणि पुण्याचे काका यांची जोडी लावली. दोघांचं नो-ट्रम्प १५ ते १७ चं, दोघांचे बदाम-इस्पिक पाच पत्त्यांचे आणि दोघंही दुपारी चारनंतर मोकळे. एका कागदावर चारच गोष्टी लिहून घेतल्या: नो-ट्रम्पचे पॉइंट, पाच पत्त्यांचा नियम, स्टेमन (एक नो-ट्रम्पवरचे ते दोन किल्वर) आणि ब्लॅकवुड (भिडूला एक्के विचारणारी बोली). बाकी काही महिनाभर वापरायचं नाही.

आजचा एक डाव नोंदवून ठेवते. बाईंकडे पंधरा पॉइंट आणि पाच बदाम, काकांकडे अकरा पॉइंट आणि तीन बदाम. एक बदाम, तीन बदाम, चार बदाम. बाईंनी शांतपणे हुकूम काढले आणि दहा हात केले.

लंडनच्या मुलाला मँचेस्टरची एक मराठी मुलगी भिडू मिळाली, तीही ॲकॉलवाली. वेळेचाही प्रश्न सुटला. तो सहाला घरी येतो तेव्हा आपल्याकडे साडेदहा वाजलेले असतात. इथल्या ज्येष्ठांशी त्याची जोडी पद्धत जुळूनही टिकली नसती.

२९ जून
बाई आणि काका आता ठरलेल्या वारी नेमाने बसतात. हरले तरी पुढच्या वारी येतात, हे मला जिंकण्याहून मोठं वाटतं.

जोडी लावताना मी आधी पद्धत बघते, मग वेळ, मग स्वभाव आणि सर्वांत शेवटी खेळातलं कौशल्य. कौशल्य वाढवता येतं, पहिल्या तीन गोष्टी जुळाव्याच लागतात. ज्यांना ब्रिज चांगलं येतं त्यांना एकच विनंती: आठवड्यातला एक तास एकाच नवशिक्याला द्या. खेळण्याआधी त्याच्याशी चार गोष्टी ठरवून घ्या आणि डाव संपेपर्यंत त्याला काही सांगू नका.