लोणारच्या विवरातील झाडांच्या सावलीत

सहल म्हटली की आपल्या घरांतून दोन वाटा ठरलेल्या असतात. ऑक्टोबरात नागपूर आणि डिसेंबरात मुंबई. त्या वाटा चालायच्याच. पण केवळ झाडे पाहावीत, मुलांना दाखवावीत म्हणून घराबाहेर पडण्याची सवय आपल्याला नाही. कशी असेल? एक दिवस काम बुडाले की खाडा पडतो, आणि एस.टी.चे तिकीट घरातील माणसे मोजून काढावे लागते. तरीही आमच्या वस्तीतील अठरा जणांनी ठरवले, की आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात जगभरचे अभ्यासक येतात ते लोणार एकदा सावकाश पाहायचे. त्यात महिला होत्या, शाळकरी मुले होती आणि सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी होत्या.

बुलढाण्याहून चिखली, मेहकर करीत आम्ही लोणारला पोहोचलो. मेहकरहून सुलतानपूरमार्गे लोणारला जाता येते. वाटेत दोन्ही बाजूंना तूर काढून मोकळी झालेली शेते, मधूनच एखादी बाभूळ किंवा कडुनिंब. सावलीसाठी थांबावे असे झाड शोधावे लागते. त्यामुळे गाव ओलांडून विवराच्या काठावर उभे राहिल्यावर खाली जे दिसते त्याने माणूस गप्प होतो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा गोल खड्डा, काठापासून तळापर्यंत सुमारे १३७ मीटर खोली, मध्यभागी हिरवट पाणी आणि पाण्याभोवती गर्द झाडी. उघड्या माळावर कुणी झाडांनी भरलेली कढई पुरून ठेवावी तसे ते दृश्य आहे.

हा खड्डा कसा झाला? लवणासुर नावाचा राक्षस येथे राहत होता व विष्णूने त्याला मारले, अशी कथा गावात सांगितली जाते. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव मंदिर याच कथेशी जोडलेले आहे. मंदिरातील शिल्पकाम पाहण्यासारखे आहे. पाथरवटांच्या हातांना दाद द्यावीच लागेल. पण खड्ड्याचे कारण कथेत नाही, दगडात आहे. हे विवर ज्वालामुखीचे, की आकाशातून पडलेल्या उल्केचे, हा वाद फार दिवस चालला. अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी १८९६ साली अमेरिकेतील ॲरिझोनाच्या विवराशी याचे साम्य दाखवले होते. पुढे येथे छिद्रे पाडून खालचे दगड तपासले गेले. केवळ प्रचंड आघातानेच तयार होणारी काच त्यांत सापडली, आणि १९७३ साली हे विवर आघाताने झाल्याचा पुरावा प्रसिद्ध झाला. त्याचे वय पूर्वी सुमारे ५० हजार वर्षे धरले जाई. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोजणीनुसार ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आहे. मुलांना आम्ही एवढेच सांगितले, की नवा पुरावा मिळाला की जुना आकडा बदलतो, आणि त्यात कमीपणा नसतो.

आता झाडांकडे वळू. उतारावर साग, सीताफळ, कडुनिंब, पळस अशी आपल्या ओळखीची झाडे आहेत. जसजसे खाली उतरावे तसतसा वारा पडतो, ऊन मऊ होते. बाहेरच्या माळावर झाड खुरटते आणि येथे ते मोठे का होते, याचे उत्तर चालता चालता मिळते. काठावरची माती पावसाने वाहून तळाशी साठते. विवराच्या भिंती वारा अडवतात. शिवाय धार, सीतान्हाणी, रामगया असे गोड्या पाण्याचे झरे काठावर व उतारावर आहेत. तळ्याचे पाणी मात्र खारट व अत्यंत क्षारयुक्त. म्हणजे वरून गोडे पाणी येते आणि खालून खारे पाणी अडवते, अशा दोहोंच्या मधल्या पट्ट्यात हे रान वाढले आहे.

इंग्रजांच्या काळच्या गॅझेटियरमध्ये या रानाचे वर्णन आहे. तळ्याभोवती झाडांची एकात एक कडी होती, असे ते सांगते. बाहेरचे कडे शिंदीचे, त्याच्या आत चिंचेचे, त्याच्या आत बाभळीचे, आणि मग पाण्यालगत पांढरट चिखलाची उघडी पट्टी, जिथे काहीच उगवत नाही. बाभूळ खारट जमीन सोसते, म्हणून ती पाण्याच्या सर्वांत जवळ. आज ही कडी तशी अखंड राहिलेली नाहीत, पण जुनी चिंच अजून भेटते. अशाच एका चिंचेखाली आम्ही बसलो. मुलांनी हाताला हात धरून तिचा बुंधा मोजायचा प्रयत्न केला, चौघे लागले. चिंच सावकाश वाढते आणि शेकडो वर्षे जगते. गंमत अशी, की अरबांनी तिला ‘हिंदचा खजूर’ म्हणून नाव दिले. पण मुळात ती आफ्रिकेची. फार पूर्वी आली आणि आपल्या आमटीत कायमची राहिली.

येथवर आम्ही शिकलेली माणसे बोलत होतो. मग मावशी बोलू लागल्या.

“जंगल पाह्याले येतात का कोनी, बाप्पा? आमी तं मोयी आन्याले जायचो.”

आणि मग प्रत्येक झाडापाशी त्यांचा पाय थांबू लागला. बाभळीची साल कातडे कमावायला लागे. तिचे लाकूड वखराला, गाडीच्या चाकाला. शिंदीच्या पानांचे फडे आणि चटया. पळसाच्या पानांच्या पत्रावळी. रात्री शंभर लावल्या तर सकाळी मिठाचे पैसे सुटत. चिंचोके भिजवून, कुटून त्यांची खळ घोंगडीला देत. कोणते लाकूड धूर करते, कोणते फटफट उडते आणि कोणत्याचा विस्तव सकाळपर्यंत राखेत टिकतो, हे सारे त्यांना ठाऊक होते. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने तासाभरात जे सांगितले ते आमच्या मुलांच्या पुस्तकात नाही.

वाचकहो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जंगल पाहिले नाही असे नाही. त्यांनी ते डोक्यावर वाहिले. झाडाखाली दोन घटका स्वस्थ बसून वर पाहण्याची सवड मात्र त्यांना कुणी दिली नाही. मावशी त्या चिंचेखाली पाठ टेकून बसल्या, वर पाहिले आणि म्हणाल्या, “इतकी मोठी असते व्हय चिच!” आयुष्यभर चिंचा झोडपलेल्या बाईचे हे उद्गार आहेत.

पुढे पाण्यापर्यंत गेलो. काठावर कमळजादेवीचे मंदिर आहे. पाण्याला वास येतो. या तळ्यातून पूर्वी क्षार काढीत. साबण आणि काच करण्याच्या सामग्रीसाठी लोणारचा उल्लेख ‘ऐन-ए-अकबरी’तही आहे. जून २०२० मध्ये हे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा नाना अफवा उठल्या. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याने तसे झाल्याचे कळले. चमत्कार नव्हता, पाणी घटून खारटपणा वाढला होता.

परतीची चढण चढताना बारावीतल्या एका मुलाने मोबाईलवर चित्र दाखवले. अमेरिकेतील कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनारी रेडवुड नावाची झाडे आहेत, जगातील सर्वांत उंच. समुद्रावरून येणारे धुके त्यांची उन्हाळ्याची तहान भागवते. त्यांतील सर्वांत उंच झाड २००६ साली सापडले. उंची सुमारे ११५ मीटर. म्हणजे ते लोणारच्या तळाशी उभे केले तर त्याचा शेंडा विवराच्या काठाच्या थोडाच खाली राहील! सारे थांबून खाली पाहू लागले. पण मुलाने पुढची माहितीही वाचली. ते झाड पाहायला लोक वाट सोडून इतके जाऊ लागले, की त्याच्या मुळांवरची माती तुडवली गेली, कचरा साचला, आणि २०२२ साली त्या भागात जाण्यास बंदी करावी लागली. एवढ्या उंच झाडाची मुळे जमिनीत फार खोल नसतात. ती आडवी पसरून शेजारच्या झाडांच्या मुळांत गुंतलेली असतात. कुऱ्हाडीतून वाचलेल्या झाडाला कौतुकाच्या पायांचाही त्रास होतो.

लोणारलाही ही काळजी लागू आहे. हे ठिकाण २००० साली अभयारण्य झाले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, आले. त्याआधी व नंतरही त्याचे हाल झाले. गावाचे सांडपाणी तळ्याकडे वाहिले. अमेरिका खंडातून आलेल्या वेड्या बाभळीने देशी झाडांची जागा बळकावली. ती काढण्याचे काम हाती घ्यावे लागले. प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. जंगल राखलेच पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. पण राखणीची सुरुवात नेहमी मोळीवालीला अडवण्यापासून होते आणि सांडपाण्याचा नंबर शेवटी लागतो, हे बरे नव्हे. सिलिंडर परवडेनासा झाला की बाई पुन्हा सरपणाकडे वळते. तिच्या चुलीचा विचार केला तर झाडही वाचते. आणि देशी झाड कोणते, परके कोणते, हे तिच्याइतके कुणाला कळते? रानाची राखण करणाऱ्यांत आणि वाट दाखवणाऱ्यांत गावच्या कष्टकरी स्त्री-पुरुषांना मानाचे काम मिळाले, तर दोघांचेही भले होईल.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. पावसाळा संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ चांगला. उन्हाळ्यात चढण जीव घेते. प्रवेशाच्या वेळा आधी विचारून घ्याव्यात. पायांत चप्पल नको, बूट हवेत. पाणी प्रत्येकाने आपले न्यावे. भाकरी-चटणी विवरात उतरण्यापूर्वीच खाऊन घ्यावी, म्हणजे कागद-पिशव्या खाली जात नाहीत आणि वानरेही मागे लागत नाहीत. पायवाट सोडू नये. झाडावर नावे कोरू नयेत. आपले नाव शाळेच्या हजेरीपटात आणि नोकरीच्या यादीत शोभते, चिंचेच्या सालीवर नाही.

आणि एक करावे. घरातील म्हाताऱ्या माणसाला सोबत न्यावे. गुडघे दुखत असतील तर काठावर बसवावे, पण न्यावे. मुलांच्या हाती वही द्यावी आणि आजी जे झाड दाखवील त्याचे नाव व उपयोग लिहून घ्यायला सांगावे. आमच्या मुलांच्या वहीत त्या दिवशी तेवीस झाडे भरली. ही विद्या आपल्या माणसांनी घाम गाळून मिळवलेली आहे. ती त्यांच्याबरोबर जाऊ देऊ नये.