पाच हातांचे अंतर

कुत्रा माणसाच्या पाठीशी जातो, मांजर घराला धरून राहते, असे आमच्याकडची जुनी माणसे म्हणत. वसईच्या वाड्यांमधून मांजर कोणी मुद्दाम आणून पाळीत नसे. भाताच्या कणगीपाशी उंदीर येत, उंदरांमागे मांजर येई. आणि कोळणीची पाटी दारात उतरली की मासळीच्या वासाने ते ओट्यापर्यंत पोहोचे. दोघांच्या गरजेचा हा साधा व्यवहार. माणसाचे आणि मांजराचे नाते मुळात असेच जुळले, असे अभ्यासकही मानतात. पश्चिम आशियात माणूस शेती करून धान्य साठवू लागला, तेव्हा तेथील रानमांजर उंदरांच्या मागावर वस्तीपाशी आले. सायप्रस बेटावरील सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थळी माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले. २००४ साली तो शोध प्रसिद्ध झाला. त्या दोघांच्या सांगाड्यांत जेमतेम हातभर अंतर होते. रानापासून त्या हातभर अंतरापर्यंतची वाट मांजर स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या मर्जीने चालून आले.

आमच्या घरी हीच वाट एका मांजरीने पुन्हा पहिल्यापासून चालून दाखविली.

२०१७ च्या पावसाळ्यात ती आली. मांजरी आपली पिल्ले सात घरे फिरविते म्हणतात. त्या फिरतीत हे एक आमच्या सरपणाच्या ढिगामागे राहून गेले असावे. अंगावर राखाडी पट्टे, डोळे हिरवे आणि वृत्ती कमालीची अलिप्त. दूध ठेवावे, तर माणूस पाच हात दूर गेल्याशिवाय ती बशीला तोंड लावीत नसे. हात पुढे केला की कुंपणावरून पसार! तिचा तो तोरा पाहून आईने तिचे नाव ‘बाईसाहेब’ ठेवले. वास्तविक तोऱ्यापेक्षा त्यात भीतीच अधिक होती. पिल्लू दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसाचा हात त्याच्या अंगावरून फिरला, तर माणूस त्याला आपला वाटू लागतो. तो काळ हुकला, की माणूस म्हणजे धोका ही समजूत मनात घर करते. बाईसाहेब आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे ते वय उलटून गेले होते.

२०१८ च्या जुलैत वसईत पाणी भरले. रेल्वे थांबली, वीज गेली, आमच्या ओट्याच्या पायऱ्या बुडाल्या. त्या रात्री आम्ही सर्वांनी माळ्यावर आसरा घेतला. पहाटे कंदिलाच्या उजेडात पाहतो, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर बाईसाहेब भिजून बसलेल्या. कोणी उठले नाही, कोणी हाक मारली नाही. आईने फक्त एक कोरडे पोते जमिनीवरून त्यांच्याकडे सरकवून दिले. पाणी ओसरल्यावर त्या पुन्हा कुंपणावर गेल्या. पण पाच हातांचे तीन हात झाले होते.

खरा बदल घडला तो आईच्या आजारपणात. २०२० च्या आरंभी तिला पक्षाघात झाला. उजवी बाजू लुळी पडली. वाडीच्या टोकापर्यंत ऐकू जाणारा तिचा आवाज घशातच अडला. पुढे टाळेबंदी आली. येणारी-जाणारी माणसे थांबली आणि घर निःशब्द झाले. आईची खाट खिडकीपाशी होती. बाईसाहेब प्रथम खिडकीत बसू लागल्या, मग खाटेच्या पायथ्याशी. मला नवल वाटे. आई ना त्यांना बोलावू शकत होती, ना बशीत दूध ओतू शकत होती.

कदाचित तेच कारण असावे. मांजरांच्या वर्तनाचा दीर्घकाळ अभ्यास करणारे स्वित्झर्लंडचे डेनिस टर्नर यांना असे आढळले, की माणसाने पुढाकार घेऊन केलेल्या सलगीपेक्षा मांजराने आपणहून सुरू केलेली जवळीक अधिक वेळ टिकते. इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० साली आणखी एक गोष्ट दाखवून दिली. मांजराकडे पाहून माणसाने डोळे संथपणे मिटले-उघडले, तर मांजरही तसेच करते आणि त्याच्याजवळ येण्यास अधिक राजी होते. आईच्या पापण्या त्या दिवसांत अशाच संथ हलत.

एके दुपारी बाईसाहेबांनी आईच्या लुळ्या उजव्या हातावर गाल घासला. मांजराच्या गालांत गंधग्रंथी असतात. गाल घासून ते आपला गंध लावते आणि ‘हे माझे’ अशी खूण करते. आम्ही रोज त्या हाताला तेल लावीत होतो, बोटांची उघडझाप करवीत होतो. आमच्या प्रत्येक स्पर्शामागे तो हात बरा व्हावा ही आस होती. या मुक्या जिवाला मात्र हात जसा होता तसाच चालला. आईच्या डोळ्यांत पाणी आले आणि तिचा डावा हात हळूहळू सरकत मांजरीच्या पाठीवर गेला.

चमत्कार काही झाला नाही. उजवा हात अखेरपर्यंत लुळाच राहिला. परंतु त्या दुपारनंतर घरातील आम्ही सगळे आईपाशी काही न विचारता, काही न करविता, नुसते बसू लागलो. त्या बसण्याने तिचा चेहरा निवळत असे.

२०२२ साली, नाताळच्या तोंडावर, आई गेली. बाईसाहेब काही दिवस रिकाम्या खाटेवर येऊन बसत. आता संध्याकाळी मी ओट्यावर वाचीत बसलो, की त्या माझ्या खुर्चीपाशी येतात आणि हातभर अंतर राखून अंग मुडपून बसतात. मांडीवर अजून आलेल्या नाहीत. मी बोलावीत नाही. तेवढे अंतर त्यांचे त्यांनी चालायचे आहे.