दर्याकाठचा शेतकरी

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर केसेन्नुमा नावाचे बंदर आहे. तेथील खाडीत शिगेआत्सु हाताकेयामा वडिलोपार्जित कालवांची शेती करीत. तराफ्यांना टांगलेल्या दोरांवर कालवे वाढत; पाण्यातील सूक्ष्म वनस्पती हाच त्यांचा आहार. १९६० नंतरच्या काळात सांडपाण्याने खाडी नासली. पाणी तांबडे झाले, कालवांचे मांसही लाल निघू लागले. त्यांना गिऱ्हाईक मिळेना. कित्येकांनी धंदा सोडला. हाताकेयामांनी मात्र कारण शोधले.

१९८४ साली फ्रान्समध्ये त्यांनी नदीमुखातील सुदृढ कालवे पाहिली आणि त्याच नदीच्या काठची दाट राने पाहिली. डोंगरावरील पाचोळ्याचा कस नदीवाटे समुद्राला पोसतो, हे त्यांना उमगले. १९८९ पासून हा दर्याकाठचा माणूस सोबत्यांसह डोंगरावर झाडे लावू लागला.

११ मार्च २०११ रोजी सुनामीने त्यांचे तराफे नेले, होड्या नेल्या. वृद्ध आईही नेली. तरी त्यांनी समुद्राला बोल लावला नाही. पाणी निवळले आणि कालवे पुन्हा धरली.

२०२५ साली ते निवर्तले. डोंगरावर त्यांनी लावलेल्या झाडांची पाने आजही गळतात, कुजतात. आणि दूर खाडीतील कालवांच्या मुखी घास पडतो.