एका काडतुसाची शंका

आमच्या लिहिण्याच्या टेबलावर एक लहानसा पितळी तराजू असतो. भेटीस येणारे तो सोनाराचा समजतात, आणि त्यांत त्यांची चूकही नाहीं; तो मुळांत एका सोनाराकडूनच घेतलेला. परंतु हिंगणीच्या आमच्या घरांत त्यानें सोनें कधींच जोखलें नाहीं. त्यांत दारू जोखली जात असे. ही दारू बंदुकीची, एवढा खुलासा दारूबंदीच्या वर्धा जिल्ह्यांतील माणसानें आधींच केलेला बरा!

आजोबांजवळ बारा बोअरची दुनळी बंदूक होती व तिचा रीतसर परवाना होता. बोरचें रान गांवापासून दूर नाहीं. १९७० सालीं तें अभयारण्य झालें, १९७२ च्या कायद्यानें शिकारीचे दिवस संपले, आणि २०१४ सालीं तेथें व्याघ्रप्रकल्प झाला. आमची गोष्ट या सर्वांच्या आधींची, वडील दहा-अकरा वर्षांचे असतांनाची. तयार काडतुसें महाग पडत. म्हणून उडालेल्या काडतुसांच्या नळ्या जपून ठेवून आजोबा त्या घरींच पुन्हां भरीत. जळलेली टोपी काढून नवी बसवावयाची, नळींत दारू घालावयाची, तिच्यावर नमद्याची गद्दी दाबावयाची, गद्दीवर छर्रे, छर्ऱ्यांवर पुठ्ठ्याची चकती, आणि शेवटीं हातयंत्रानें नळीची कड आंत वळवून तोंड बंद करावयाचें. काम पोरालाही येईल इतकें सोपें. पण त्यांत एक जागा अशी कीं तेथें चूक झाली तर ती पुन्हां सुधारतां येत नाहीं.

ती जागा दारूची. जुनी काळी दारू नळींत पुष्कळ जागा घेई. दुप्पट पडली तर वरचे छर्रे मावतच ना, आणि चूक आपली आपणच उघडी पडे. बिनधुराची दारू आली ती थोडक्यांत काम करणारी. ती दोनदां पडली तरी गद्दी जरा अधिक दाबली कीं बाहेरून कांहींच कळत नाहीं. कळतें तें नळी फाटल्यावर. अमेरिकेंत मोठ्या बोअरच्या रिव्हॉल्व्हरनें शिकार करणारे लोक अजूनही आपलीं काडतुसें हातानें भरतात. एल्मर कीथ नांवाच्या शिकाऱ्यानें अशीं जोरकस काडतुसें भरण्यांत वर्षानुवर्षें घालविलीं, आणि १९५५ च्या सुमारास निघालेल्या .४४ मॅग्नम काडतुसाच्या मागें त्याचीच खटपट होती. रिव्हॉल्व्हरचें चक्र फुटलें तर तें हातांतच फुटतें. म्हणून त्या लोकांचा पहिला नियम हा कीं, गोळी बसविण्यापूर्वीं प्रत्येक नळींत उजेड धरून पाहावें. हिंगणीस आजोबाही कंदील धरून हेंच करीत.

एका संध्याकाळीं मात्र तें राहिलें. चोवीस नळ्या लाकडी फळीवर उभ्या होत्या. दारू घालतांना मध्येंच कोणी भेटीस आले, बोलणें लांबलें, आणि मग राहिलेलें काम आजोबांनीं घाईनें उरकलें. शेवटचें तोंड वळवून झाल्यावर त्यांच्या मनांत आलें, पाहुणे आले तेव्हां आपण कोणत्या नळीपाशीं होतों? एका नळींत माप दोनदां तर पडलें नसेल? भरलेलीं काडतुसें जोखून उलगडा होईना. छर्ऱ्यांच्या वजनांत तेवढा फरक असतोच.

इतक्यांत शेजारचा शेतकरी आला. “काकाजी, चार काडतुसं द्या ना जी. डुकरं ज्वारी ठेवत नाहीत.” त्याच्याजवळ बंदूक होती, काडतुसें संपलीं होतीं. आजोबांनीं आपली शंका सांगितली. तो हंसला व म्हणाला, “चोवीसातलं एक, तेही असलं तर!” आजोबांनीं दिलीं नाहींत. त्या रात्रीं कळप आला व त्याची हातची ज्वारी गेली. आजोबा कंदिलाशीं बसून एकेक काडतूस उकलीत होते, दारू तराजूंत घालून पाहत होते. चोविसांत एकांतही दारू अधिक निघाली नाहीं. शेजाऱ्यानें तें ऐकलें, आणि कित्येक महिने तो आमच्या ओसरीवर चढला नाहीं. “एक जरी निघालें असतें, तरी त्याला तोंड दाखवितां आलें असतें,” असें आजोबा म्हणत.

ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलों, आणि तिच्यांतील आजोबा आम्हांस थोडे हट्टीच वाटत. पुढें आम्ही प्राध्यापक झालों. एका वर्षीं परीक्षेच्या दोनशें उत्तरपत्रिका तपासून, गठ्ठा बांधून, लाख लावून झाली. न्यावयास शिपाई दारांत उभा होता. त्या क्षणीं शंका आली कीं, एका मुलाची पुरवणी आपण उघडलीच नाहीं. कोणाची, तें आठवेना. दोनशेंतील एक, तीही असली तर! आम्हीं गठ्ठा देऊन टाकला. निकाल लागला, त्यांत नापास झालेल्यांचीं नांवें आम्हीं वाचलीं, आणि त्यांतील कोणाकडे पाहावें हें आम्हांस कळेना.

बऱ्याच वर्षांनीं हें आम्हीं वडिलांपाशीं बोललों. त्यांनीं एवढेंच विचारलें, “गठ्ठा सोडून पाहावयास किती वेळ लागला असता?”

“फार तर दोन तास.”

ते कांहीं बोलले नाहींत. पुढच्या खेपेस हिंगणीहून येतांना त्यांनीं तो तराजू पिशवींतून काढून आमच्या टेबलावर ठेवला. कशासाठीं, तें त्यांनीं सांगितलें नाहीं आणि आम्हींही विचारलें नाहीं. परीक्षेच्या दिवसांत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा मात्र आम्ही त्याच्याशेजारींच ठेवतों.